किल्ला नाही, म्हणून इतिहास नाही? कयाधूच्या खोऱ्यातील चार सायकलवाटा

१/२४
पुण्याच्या वसतिगृहात शनिवारी रात्री पाठपिशव्या भरल्या जात. कुणी राजगडाला निघे, कुणी तोरण्याला. मग हमखास प्रश्न येई, “तुझ्या हिंगोलीत कोणता किल्ला आहे रे?” देवगिरी, कंधार, औसा, नळदुर्ग ही मराठवाड्याची मोठी नावे; पण त्यांतले एकही माझ्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेले नव्हते. मी गप्प बसत असे आणि विषय तेथेच संपे. त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे काही वर्षांनी सायकलवर सापडले. ते या थ्रेडमध्ये मांडतो. #थ्रेड #हिंगोली #इतिहास

२/२४
माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. इतिहासाच्या आवडीला आपण गडांची सवय लावून घेतली आहे. सह्याद्रीत सत्ता डोंगरमाथ्यावर बसली, म्हणून तिथला इतिहास चढून पाहता येतो. हिंगोलीसारख्या सखल, नदीकाठच्या मुलखात सत्ता, व्यापार, भक्ती आणि बंडे रस्त्यावरून आली आणि रस्त्यावरूनच गेली. इथला इतिहास वाटेवर सांडलेला आहे. तो वेचायला सायकलीचा वेग लागतो. आणि आता तो वेचला नाही तर त्यातला एक मोठा भाग येत्या काही वर्षांत कायमचा जाईल. का, ते शेवटी सांगेन.

३/२४
आधी भूगोल. कयाधू नदी वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात उगम पावते. सेनगाव, हिंगोली, कळमनुरी या तालुक्यांतून आग्नेयेकडे वाहत जाऊन पैनगंगेला मिळते. जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला पूर्णा आणि मधोमध ही कयाधू. गंमत अशी की वसमतच्या बाजूचे पाणी पूर्णेतून सरळ गोदावरीत जाते. कयाधूचे पाणी मात्र पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा भला मोठा वळसा घालून त्याच गोदावरीला गाठते. एकाच जिल्ह्यातले दोन शेजारी एकाच घरी दोन वेगळ्या वाटांनी जावेत तसे.

४/२४
नकाशा उघडून या जिल्ह्यातील गावांची नावे वाचा: कनेरगाव नाका. वारंगा फाटा. डोंगरगाव पूल. जवळा बाजार. नाका, फाटा, पूल, बाजार! गडांच्या मुलखात गावांना माची आणि पेठ चिकटते. येथे गावांची नावे रस्त्याने ठेवली. स्थलनाम हा इतिहासाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ दस्तऐवज असतो. पण ताशी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून तो पाटीवरचा एक शब्द असतो, इतकेच. सायकलवर तो प्रश्न होतो: “नाका? कसला नाका?” या प्रश्नाकडे थोड्या वेळाने वळू.

५/२४
पहिली वाट: हिंगोली ते नरसी नामदेव. शहरातून सेनगावच्या दिशेने साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. चढ फारसे नाहीत. काळ्या मातीची शेते, दोन्ही बाजूंना बाभळी, आणि म्हणूनच सोबत पंक्चरचे सामान हवेच. बाभळीचा काटा येथला सर्वांत निष्ठावान पहारेकरी आहे. कयाधूच्या काठी वसलेले नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. परंपरेनुसार जन्म १२७०, समाधी १३५०. जन्मस्थळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत: कुणी पंढरपूर सांगतो, कुणी कराडजवळचे ठिकाण. पण या खोऱ्याने त्या नावाशी नाते जोडले आहे आणि ते शतकानुशतके जपले आहे. हे जपणे हीसुद्धा इतिहासातली एक घटनाच आहे.

६/२४
नामदेव म्हणजे मराठी इतिहासातील बहुधा सर्वांत मोठा पायी प्रवासी. शिंप्याच्या घरातला हा कवी महाराष्ट्रातून निघून पंजाबपर्यंत पोहोचला. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्याच्या वास्तव्याच्या स्मृती आजही जपल्या जातात. १६०४ मध्ये शिखांचा आदिग्रंथ सिद्ध झाला. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले. अलीकडे पंढरपूरहून घुमानला सायकल यात्राही जाऊ लागली आहे. जो रस्त्याने मोठा झाला त्याची आठवण रस्त्यानेच जागवावी, हे औचित्य मला फार आवडते.

७/२४
दुसरी वाट: हिंगोली ते औंढा नागनाथ, दक्षिणेकडे सुमारे २५ किलोमीटर. इथे मांड्यांची परीक्षा होते, कारण औंढा टेकड्यांच्या कुशीत आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून हे स्थान पूजिले जाते. द्वारकेजवळचे नागेश्वरही तोच मान सांगते. भाविकांचा तो वाद बाजूला ठेवून भिंतीकडे पाहा. खालचा भाग काळ्या दगडाचा, कोरीव, यादवकालीन घडणीचा. वरचा भाग वेगळ्या काळाचा, वेगळ्या हाताचा. वरच्या भागाच्या जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. एकाच भिंतीत दोन शतके एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत.

८/२४
औंढ्याची खरी संपत्ती मात्र एक कथा आहे. खालच्या मानलेल्या जातीचा म्हणून नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही. ते मागच्या बाजूस जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे वळले. नंदी नेहमीच्या जागी का नाही, याची सांगड स्थानिक परंपरा याच कथेशी घालते. आता लक्ष द्या: देऊळ फिरल्याचा हाच प्रसंग गुरु ग्रंथसाहिबातील नामदेवांच्या पदातही येतो. मराठवाड्याच्या डोंगरातली एक तक्रार सतलज-बियासच्या मुलखात पवित्र ग्रंथात जाऊन बसली. दगडी देऊळ फिरले की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न. कथा मात्र खरोखर फिरली.

९/२४
याच औंढ्यात नामदेवांना विसोबा खेचरांच्या रूपाने गुरू भेटले, असे परंपरा सांगते. पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या वृद्धाला शिष्य हटकतो आणि वृद्ध म्हणतो, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. नरसी ते औंढा हे अंतर निवांत सायकलस्वाराला एका दिवसात सहज जमते. एका दिवसात आपण एका कवीच्या जन्मकथेपासून त्याच्या ज्ञानकथेपर्यंत जाऊन येतो. जगातल्या कुठल्याही देशात हा ‘साहित्यमार्ग’ म्हणून छापला गेला असता. आपल्याकडे या दोन ठिकाणांना जोडणारी एकसंध वाट कुणी आखलेली मला तरी दिसली नाही.

१०/२४
औंढ्याच्या परिसरात आणखी एक नवल उभे राहत आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा याच तालुक्यात होते आहे. २०१६ मध्ये केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली, २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीतला अणूहूनही सूक्ष्म फरक मोजणारा लेसर. जिथे देऊळ वळल्याची कथा सांगतात, तिथेच अवकाश किंचित वाकल्याचे मोजमाप होणार आहे! जिल्ह्याच्या तरुणांनी या दोन्ही गोष्टी सारख्याच अभिमानाने सांगायला हव्यात.

११/२४
तिसरी वाट शहराच्या आतच आहे. अवघ्या काही किलोमीटरांची. सकाळी रहदारी सुरू होण्याआधी हिंगोलीत फिरा आणि जुन्या भागांची नावे विचारा: पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. पायदळ, घोडदळ, तोफा, निवृत्त शिपाई आणि त्यांना माल पुरवणारी बाजारपेठ. एका संपूर्ण लष्करी छावणीचा आराखडा केवळ मोहल्ल्यांच्या नावांत शाबूत राहिला आहे. या शहराला तट नाही. पण त्याच्या पोस्टाच्या पत्त्यांत आजही एक फौज उभी आहे.

१२/२४
ही फौज कुणाची? नाव निजामाचे, पगार निजामाचा, अधिकारी इंग्रज. ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या नावाने ती ओळखली गेली आणि बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई), एलिचपूर यांच्याप्रमाणे हिंगोली हे तिचे एक प्रमुख ठाणे होते. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. तिच्या पायदळ पलटणी पुढे १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेल्या, आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव बदलून झाले कुमाऊँ रेजिमेंट. हिमालयाचे नाव मिरवणाऱ्या एका नामांकित रेजिमेंटची मुळे अशी दख्खनच्या काळ्या मातीत आहेत.

१३/२४
छावणीचीच एक काळी गोष्ट. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याविषयी लिहितो. नाव हरीसिंग; खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार झालेला. मुंबईहून कापड आणायचे आहे असे सांगून त्याने अधिकाऱ्याकडून परवाना मिळवला. ते कापड घेऊन येणाऱ्या खऱ्या मालकाला व त्याच्या माणसांना वाटेत ठार केले, आणि माल त्याच परवान्यावर आणून छावणीत उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर हे त्याने स्वतःच सांगितले, असे टेलर म्हणतो.

१४/२४
ही गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला हवे. ठगांविषयीची बहुतेक माहिती माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आली आहे आणि त्या जबान्या घेणाऱ्यांना आपल्या मोहिमेचे महत्त्व पटवून द्यायचे होते. म्हणूनच ‘ठगी’चे चित्र किती खरे, किती रंगवलेले, यावर आधुनिक इतिहासकार वाद घालतात. मला या कथेत खुनापेक्षा परवाना महत्त्वाचा वाटतो. १८३० च्या आसपास मुंबई ते हिंगोली कापडाचा माल बैलांवर येत होता, त्याला कागद लागत होता, आणि रस्ता जिवावरचा होता, हे एका परिच्छेदात कळते. रस्त्याचा इतिहास असाच आडून मिळतो.

१५/२४
चौथी वाट उत्तरेची: हिंगोली ते कनेरगाव नाका, पंचवीसेक किलोमीटर. आता तो मघाचा प्रश्न. नाका कसला? उत्तर पगारात दडले आहे. कंटिन्जंटचा खर्च निजामाच्या तिजोरीला झेपेना. कर्ज साचत गेले. १८५३ च्या तहाने निजामाने त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. म्हणजे तोफखाना आणि रिसाला या मोहल्ल्यांत राहणाऱ्या शिपायांच्या पगारामुळे अख्खा वऱ्हाड प्रांत गेला, आणि हिंगोलीच्या उशाशी वाहणारी पैनगंगा सरहद्द झाली. अलीकडे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजी अंमल.

१६/२४
सरहद्द म्हणजे काय, हे नकाशावरच्या रेषेने कळत नाही. अलीकडे निजामाचा ‘हाली’ रुपया, पलीकडे इंग्रजांचा ‘कलदार’. साधारण सात हालींना सहा कलदार असा भाव. संस्थानच्या जकात खात्याचे नाव करोडगिरी. सरहद्दीवरून जाणाऱ्या-येणाऱ्या मालाला त्याच्या नाक्यांवर थांबावे लागे. अलीकडे सरकारी कारभार उर्दूत, पलीकडे वेगळा. आणि दोन्ही काठांवर बोलणारी माणसे मात्र मराठीच. सोयरिकी दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे. पैनगंगेच्या पुलावर सायकल उभी करून मागे-पुढे पाहा. जवारीचे शेत दोन्ही बाजूंना सारखेच दिसते. एकेकाळी या पाण्याच्या दोन काठांवर दोन राज्ये होती, हे त्या शेतांना ठाऊकही नाही.

१७/२४
हीच सरहद्द १९४७-४८ मध्ये जीवनरेखा झाली. भारत स्वतंत्र झाला, हैदराबाद संस्थान मात्र वेगळे राहिले. रझाकारांच्या दहशतीने नदीकाठच्या गावांतील कुटुंबे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. सरहद्दीलगत मुक्तिसंग्रामाची सशस्त्र शिबिरे उभी राहिली. पैनगंगेपलीकडचे उमरखेड हे त्यांतले एक. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण त्याच दिवशी पाळतो. त्या कारवाईनंतर मराठवाड्यातील मुस्लीम वस्त्यांवर झालेल्या अत्याचारांची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. ते फाडून उरलेले पुस्तक वाचता येत नाही.

१८/२४
१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले आणि पैनगंगा सरहद्द म्हणून निवृत्त झाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. नाका गेला, नाव राहिले. रेल्वेस्थानकाच्या पाटीवरही ‘हिंगोली डेक्कन’ असे जुने शेपूट अजून टिकून आहे. राज्ये बदलतात, चलने बदलतात. पाटी रंगवणारा मात्र जुनेच अक्षर गिरवत राहतो. इतिहास टिकवण्यात त्याचा वाटा आपण कधी मोजत नाही.

१९/२४
आता या वाटांची आजची स्थिती. अकोला–वाशीम–हिंगोली–कळमनुरी–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ या खोऱ्यातून जातो. तो रुंद झाला, ते चांगलेच झाले. रुग्णवाहिका आणि हळदीचा ट्रक दोघांनाही त्याचा उपयोग आहे. माझा आक्षेप रस्त्याला नाही, विसरण्याला आहे. वळणरस्ता झाला की गाव बाजूला पडते, आणि नाक्याच्या गावात थांबायचे कारणच उरत नाही. शिवाय सायकलवाल्याने साइडपट्टी शोधावी तर ती कुठे खचलेली, कुठे गायब. कळमनुरीकडे उतरताना मागून येणाऱ्या ट्रकचा वारा मला दोनदा रस्त्याखाली घेऊन गेला आहे. तेव्हापासून मी आतल्या गावरस्त्यांनी जातो. अंतर वाढते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटेत हळद शिजण्याचा वास भेटतो आणि खळ्यांवर पसरलेला पिवळा रंग डोळ्यांत मावत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

२०/२४
इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो माझ्याच गावच्या मित्राने घेतला: “महागड्या सायकली घेऊन शहरातले लोक येणार, फोटो काढणार, जाणार. आमच्या गावाला त्याचे काय?” आक्षेप बरोबर आहे. म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. कयाधूच्या खोऱ्यातले खरे सायकलस्वार हेल्मेट घालत नाहीत. त्या निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या, दप्तर कॅरिअरला बांधलेल्या शाळकरी मुली आहेत. मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली मिळाल्या आणि आठवीनंतर शाळा सुटण्याची जी वाट होती, तिच्यावर एक चाक आडवे आले.

२१/२४
म्हणून माझी मागणी ‘पर्यटनासाठी सायकल ट्रॅक’ अशी नाहीच. मागणी एवढीच: नरसी, औंढा, कनेरगाव आणि कळमनुरी या चार दिशांच्या रस्त्यांवर पक्की, सलग, दोन सायकली शेजारी चालतील इतकी साइडपट्टी हवी. ती मुलींना शाळेपर्यंत नेईल आणि आपल्याला इतिहासापर्यंत. आणि गावाच्या वेशीवर एक साधा मराठी फलक: या गावाचे नाव असे का. ‘कनेरगाव नाका: येथून पुढे एकेकाळी दुसरे राज्य लागत असे.’ एवढ्या एका ओळीला किती खर्च येईल? शाळेला जाणारी मुलगी ती ओळ रोज दोनदा वाचेल. आपण गडावर वर्षातून एकदा जातो.

२२/२४
आणि आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट: घाई का? कारण दगड थांबतो, माणूस थांबत नाही. १९४८ साली आईच्या कडेवरून नव्हे, तर स्वतःच्या पायांनी पैनगंगा ओलांडलेले दहा वर्षांचे मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. हाली आणि कलदार दोन्ही हातात धरलेली, नाक्यावर गाडी अडवलेली पाहिलेली, आई-वडिलांची कुजबुज ऐकलेली ही शेवटची पिढी आहे. नेत्यांची चरित्रे लिहिली गेली. पण नदी ओलांडताना सोबत काय घेतले, काय मागे ठेवले, कुणी आसरा दिला, कुणी दार लावले, हे फार थोड्यांनी विचारले.

२३/२४
तेव्हा तरुण मित्रांनो, येत्या हिवाळ्यात एक करा. दिवाळी ते शिवरात्र हा काळ उत्तम. उन्हाळ्यात या बाजूला दुपारी सायकल काढण्याचे धाडस करू नये आणि पावसाळ्यात पुलावरून पाणी जात असेल तर एकही पाऊल पुढे टाकू नये. दोन बाटल्या पाणी, पंक्चरचे सामान, एक वही. पारावर बसलेल्या आजोबांना ‘रझाकार’ या शब्दाने सुरुवात करू नका. ‘तुमच्या लहानपणी बाजाराला कुठं जायचात?’ असे विचारा. बाजारापासून रस्ता निघतो, रस्त्यापासून नाका, नाक्यापासून सगळे. परवानगी घेऊन आवाज टिपा. गाव, तारीख, सांगणाऱ्याचे अंदाजे वय लिहून ठेवा. हिंदू घरात विचारा, मुसलमान घरातही विचारा. ऐकीव गोष्ट ‘ऐकीव’ म्हणूनच नोंदवा.

२४/२४
परवा पुण्यातल्या त्याच मित्रांपैकी एकाचा फोन आला. तो सायकल घेऊन हिंगोलीला येतो म्हणतो आहे. म्हणाला, “पण पाहायचं काय तिथं?” या वेळी मी गप्प बसलो नाही. म्हटले, “आधी नरसीला जाऊ, मग नाक्याला. नाका कसला, ते पुलावर पोहोचल्यावर सांगतो.”
तुमच्या तालुक्यात नाका, फाटा, चौकी, उतार, घाट, पेठ अशा शब्दांचे गाव असेल, तर नाव आणि त्यामागची ऐकलेली गोष्ट खाली लिहा. पुढचा थ्रेड तुमच्या नावांचा. #मराठवाडा #कयाधू #सायकलवाटा